चौकोनाच्या कोनांचे गुणधर्म

चौकोनाच्या कोनांचे गुणधर्म हा प्रतलीय भूमितीतील एक मूलभूत विषय आहे. कोणत्याही चौकोनाच्या चार आंतरकोनांच्या मापांची बेरीज ३६०° असते. समांतरभुज चौकोनाचे संमुख कोन एकरूप असतात आणि लगतचे कोन परस्परांचे पूरक असतात. चक्रीय चौकोनात संमुख कोन परस्परांचे पूरक असतात. या विधानांतून आयत, समभुज चौकोन, चौरस, समलंब चौकोन आणि पतंग या आकृत्यांचे बहुतेक कोनविषयक गुणधर्म मिळतात.

तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोण पूर्णपणे निश्चित होतो. चौकोनाचे तसे नाही. चारही बाजू कायम ठेवूनही चौकोनाचा आकार आणि त्याचे क्षेत्रफळ बदलू शकते. म्हणून चौकोनाच्या अभ्यासात कोनांना, अथवा त्यांच्या ऐवजी कर्णाला किंवा लंबाला, विशेष महत्त्व आहे.

संज्ञा

या लेखात चौकोनाचे शिरोबिंदू क्रमाने अ, ब, क, ड असे मानले आहेत. अब, बक, कड आणि डअ या त्याच्या बाजू होत. अक आणि बड हे त्याचे कर्ण होत. एकाच बाजूच्या दोन टोकांशी असलेल्या कोनांना लगतचे कोन म्हणतात, उदाहरणार्थ ∠अ आणि ∠ब. जे कोन लगतचे नसतात ते संमुख कोन होत, उदाहरणार्थ ∠अ आणि ∠क. ज्या दोन कोनांच्या मापांची बेरीज १८०° असते ते परस्परांचे पूरक कोन होत. बेरीज ९०° असल्यास त्यांना कोटिकोन म्हणतात.

ज्या चौकोनाचा प्रत्येक आंतरकोन १८०° पेक्षा लहान असतो तो बहिर्वक्र चौकोन होय. एक आंतरकोन १८०° पेक्षा मोठा असल्यास तो अंतर्वक्र चौकोन होय. असे दोन कोन एका चौकोनात असू शकत नाहीत, कारण त्या दोघांचीच बेरीज ३६०° च्या पुढे जाईल.

‘चौकोन’ हे मराठी नाव आकृतीच्या कोनांवरून पडले आहे, तर संस्कृत ग्रंथांतील आणि हिंदीतील ‘चतुर्भुज’ हे नाव बाजूंवरून. ‘चौरस’ हा शब्द संस्कृत ‘चतुरस्र’ या शब्दापासून आला आहे. मराठीत ‘कर्ण’ हा शब्द काटकोन त्रिकोणातील काटकोनासमोरील बाजूसाठीही वापरतात आणि चौकोनाचे संमुख शिरोबिंदू जोडणाऱ्या रेषाखंडासाठीही. कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे संदर्भावरून ठरते.

आंतरकोनांची बेरीज

प्रमेय: चौकोनाच्या चार आंतरकोनांच्या मापांची बेरीज ३६०° असते.

सिद्धता: चौकोन अबकड चा कर्ण अक काढला असता त्रिकोण अबक आणि त्रिकोण अकड असे दोन त्रिकोण मिळतात. प्रत्येक त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° असते. या दोन त्रिकोणांचे सहा कोन एकत्र केले की चौकोनाचे चार कोन तयार होतात; म्हणून चौकोनाच्या कोनांची बेरीज २ × १८०° = ३६०°. चौकोन अंतर्वक्र असल्यास १८०° पेक्षा मोठा कोन ज्या शिरोबिंदूशी आहे तेथूनच कर्ण काढावा लागतो. दुसरा कर्ण आकृतीच्या बाहेर जातो आणि सिद्धतेस उपयोगी पडत नाही.

या प्रमेयाचे काही निष्कर्ष पुढीलप्रमाणे आहेत.

- चारही कोन समान असल्यास प्रत्येक कोन काटकोन असतो.
- तीन कोन काटकोन असल्यास चौथाही काटकोनच असतो. म्हणून चौकोन आयत आहे हे ठरवण्यास तीन कोन तपासणे पुरेसे आहे.
- चारही कोन लघुकोन असू शकत नाहीत आणि चारही कोन विशालकोनही असू शकत नाहीत. तीन लघुकोन किंवा तीन विशालकोन मात्र असू शकतात.
- बहिर्वक्र चौकोनाच्या प्रत्येक शिरोबिंदूशी एक याप्रमाणे घेतलेल्या चार बाह्यकोनांची बेरीजही ३६०° असते, कारण ४ × १८०° − ३६०° = ३६०°.

चार कोनांची बेरीज एका पूर्ण फेऱ्याइतकी असल्यामुळे एकाच मापाच्या कोणत्याही चौकोनी फरश्यांनी, त्या कितीही वेड्यावाकड्या असल्या तरी, प्रतल फट न ठेवता भरून काढता येते. प्रत्येक फरशी तिच्या बाजूच्या मध्यबिंदूभोवती अर्धा फेरा फिरवून शेजारी बसवली की एका बिंदूपाशी चारही निरनिराळे कोन एकत्र येतात. अंतर्वक्र चौकोनालाही हा नियम लागू पडतो.

समांतरभुज चौकोन

ज्या चौकोनाच्या संमुख बाजूंच्या दोन्ही जोड्या परस्परांना समांतर असतात त्याला समांतरभुज चौकोन म्हणतात. व्याख्येत कोनांचा उल्लेख नाही; कोनांचे गुणधर्म समांतरतेपासून सिद्ध करावे लागतात. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील चौतिसावे विधान याच गुणधर्मांविषयी आहे.

पक्ष: चौकोन अबकड मध्ये बाजू अब ∥ बाजू डक आणि बाजू अड ∥ बाजू बक.

साध्य: ∠अ = ∠क, ∠ब = ∠ड; तसेच लगतचे कोन पूरक आहेत.

सिद्धता: कर्ण अक काढा. अब ∥ डक आणि अक ही छेदिका, म्हणून ∠बअक = ∠डकअ, कारण ते व्युत्क्रम कोन आहेत. त्याचप्रमाणे अड ∥ बक असल्याने ∠बकअ = ∠डअक. बाजू अक दोन्ही त्रिकोणांत सामाईक आहे. म्हणून कोबाको कसोटीनुसार त्रिकोण अबक आणि त्रिकोण कडअ एकरूप आहेत. यावरून ∠ब = ∠ड; शिवाय अब = कड आणि बक = डअ. वरील दोन समानतांची बेरीज केली असता ∠बअड = ∠डकब मिळते. शेवटी अड ∥ बक आणि अब ही छेदिका घेतल्यास ∠अ आणि ∠ब हे छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन आहेत, म्हणून त्यांची बेरीज १८०° आहे.

यामुळे समांतरभुज चौकोनाचा एक कोन कळला की उरलेले तीन कळतात. ∠अ = ७०° असल्यास ∠ब = ११०°, ∠क = ७०°, ∠ड = ११०°. लगतच्या कोनांची मापे (३य − १०)° आणि (२य + १५)° अशी दिली असतील, तर ५य + ५ = १८०, म्हणून य = ३५ आणि कोन अनुक्रमे ९५° व ८५°.

लगतच्या कोनांची बेरीज १८०° असल्याने त्यांच्या दुभाजकांमधील कोन काटकोन असतो. म्हणून समांतरभुज चौकोनाचे चार कोनदुभाजक काढले असता मध्यभागी आयत तयार होतो. मूळ आकृती समभुज चौकोन असेल तर हा आयत एका बिंदूत लोपतो. मूळ आकृती चौरस नसलेला आयत असेल तर मध्यभागी चौरस मिळतो.

व्यत्यास

प्रमेय: चौकोनाच्या संमुख कोनांच्या दोन्ही जोड्या एकरूप असतील तर तो समांतरभुज चौकोन असतो.

सिद्धता: ∠अ = ∠क आणि ∠ब = ∠ड असल्याने २(∠अ + ∠ब) = ३६०°, म्हणजे ∠अ + ∠ब = १८०°. अब ही छेदिका घेतल्यास आंतरकोन पूरक आहेत, म्हणून अड ∥ बक. ∠अ च्या जागी ∠क घेतल्यास ∠क + ∠ब = १८०°, म्हणून अब ∥ डक.

येथे दोन्ही जोड्या आवश्यक आहेत. पतंग या चौकोनात संमुख कोनांची एक जोडी एकरूप असते, तरी तो सर्वसाधारणपणे समांतरभुज नसतो.

संमुख कोनांची एक जोडी आणि संमुख बाजूंची एक जोडी एकरूप असणे हेही पुरेसे नाही. हे कागदावर पडताळता येते. ७०°, ७०° आणि ४०° कोनांचा समद्विभुज त्रिकोण घ्यावा. पायावर मध्यबिंदू सोडून दुसरा एखादा बिंदू घेऊन शिरोबिंदूपासून तेथपर्यंत कागद कापावा. एक तुकडा पालथा करून कापलेली कड पुन्हा तिच्याच जागी, पण टोकांची अदलाबदल होईल अशी, जोडावी. तयार झालेल्या चौकोनात दोन संमुख कोन ७०° चे आहेत आणि दोन संमुख बाजू समान आहेत. पण पायाचे दोन भाग असमान असल्यामुळे दुसरी जोडी असमान राहते. म्हणून हा चौकोन समांतरभुज नाही.

आयत, समभुज चौकोन आणि चौरस

आयत: समांतरभुज चौकोनाचा एक कोन जरी काटकोन असला तरी चारही कोन काटकोन होतात, कारण संमुख कोन त्याच्याइतका आणि लगतचे कोन १८०° − ९०° असतात.

समभुज चौकोन: चारही बाजू समान असलेला चौकोन समांतरभुज असतोच, म्हणून वरील सर्व गुणधर्म त्याला लागू पडतात. शिवाय त्याचा प्रत्येक कर्ण दोन संमुख कोनांना दुभागतो. कर्ण अक काढला असता बाबाबा कसोटीने त्रिकोण अबक आणि अडक एकरूप होतात, म्हणून ∠बअक = ∠डअक. कर्ण परस्परांना काटकोनात छेदतात. एक कोन ६०° असल्यास लहान कर्ण बाजूइतकाच असतो आणि चौकोनाचे दोन समभुज त्रिकोण होतात.

चौरस: चौरस हा आयतही आहे आणि समभुज चौकोनही. त्याचा प्रत्येक कोन ९०° असून कर्ण बाजूंशी ४५° चा कोन करतो.

समलंब चौकोन

ज्या चौकोनाच्या संमुख बाजूंची फक्त एकच जोडी समांतर असते त्याला समलंब चौकोन म्हणतात. काही ग्रंथांत ‘किमान एक जोडी’ अशी व्याख्या असते आणि तेव्हा समांतरभुज चौकोनही या वर्गात येतो. अब ∥ डक असल्यास ∠अ + ∠ड = १८०° आणि ∠ब + ∠क = १८०°. म्हणजे असमांतर बाजूंच्या टोकांशी असलेले कोन पूरक असतात. समांतर बाजूच्या टोकांशी असलेल्या ∠अ आणि ∠ब यांच्यात असा संबंध असेलच असे नाही.

असमांतर बाजू अड आणि बक समान असल्यास त्याला समद्विभुज समलंब चौकोन म्हणतात. त्यात ∠अ = ∠ब आणि ∠क = ∠ड असते. अब ही मोठी बाजू मानून क मधून डअ ला समांतर रेषा काढावी; ती अब ला इ मध्ये छेदते. अइकड हा समांतरभुज चौकोन झाल्याने कइ = डअ = कब, म्हणून ∠कइब = ∠कबइ. परंतु ∠कइब आणि ∠डअब हे संगत कोन आहेत, म्हणून ∠अ = ∠ब.

पतंग

ज्या चौकोनात अब = अड आणि कब = कड असते त्याला पतंग म्हणतात. कर्ण अक मुळे होणारे दोन त्रिकोण बाबाबा कसोटीने एकरूप असतात. म्हणून असमान बाजूंमधील कोन एकरूप असतात, म्हणजे ∠ब = ∠ड; आणि कर्ण अक हा ∠अ व ∠क यांना दुभागतो. ∠अ आणि ∠क समान असतीलच असे नाही.

चक्रीय चौकोन

ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतात त्याला चक्रीय चौकोन म्हणतात.

प्रमेय: चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात.

सिद्धता: अंतर्लिखित कोनाचे माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मे असते. ∠अ ने अंतर्खंडित केलेला कंस आणि ∠क ने अंतर्खंडित केलेला कंस मिळून पूर्ण वर्तुळ होते. म्हणून ∠अ + ∠क = ३६०° ÷ २ = १८०°.

हे प्रमेय ‘एलिमेंट्स’च्या तिसऱ्या खंडात बाविसावे विधान म्हणून येते. त्याचा व्यत्यासही सत्य आहे: संमुख कोन पूरक असल्यास चौकोन चक्रीय असतो. त्याची सिद्धता अप्रत्यक्ष पद्धतीने देतात. अ, ब, क मधून जाणाऱ्या वर्तुळाच्या बाहेर ड असता तर ∠ड आवश्यक मापापेक्षा लहान झाला असता, आत असता तर मोठा. म्हणून ड वर्तुळावरच असला पाहिजे.

यावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

- चक्रीय चौकोनाचा बाह्यकोन त्याच्या लगतच्या कोनाच्या संमुख कोनाशी एकरूप असतो.
- चक्रीय समांतरभुज चौकोन आयतच असतो, कारण संमुख कोन समानही आहेत आणि पूरकही.
- समद्विभुज समलंब चौकोन नेहमी चक्रीय असतो.
- कोणत्याही बहिर्वक्र चौकोनाचे लगतच्या कोनांचे दुभाजक परस्परांना छेदून जो चौकोन तयार होतो तो चक्रीय असतो. ∠अ आणि ∠ब यांच्या दुभाजकांमधील कोन १८०° − (∠अ + ∠ब)/२ आणि ∠क व ∠ड यांच्या दुभाजकांमधील कोन १८०° − (∠क + ∠ड)/२; या दोहोंची बेरीज ३६०° − १८०° = १८०°.

बाजू, कोन आणि क्षेत्रफळ

बाजू माहीत असल्या तरी कोन माहीत नसल्यास क्षेत्रफळ सांगता येत नाही, ही गोष्ट जमिनीच्या मोजणीत महत्त्वाची ठरते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, अर्थात १,०८९ चौरस फूट. चारही बाजू ६६ फूट असलेल्या तुकड्याचे कोन काटकोन असतील तर क्षेत्र ४,३५६ चौरस फूट, म्हणजे बरोबर ४ गुंठे होते. त्याच बाजू ठेवून एक कोन ६०° झाला तर क्षेत्र सुमारे ३.४६ गुंठे राहते आणि ३०° झाला तर केवळ २ गुंठे. कुंपणाची लांबी तिन्ही वेळा २६४ फूटच असते. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून त्यांचा गुणाकार करण्याची ढोबळ रीत फक्त आयतासाठी अचूक आहे. इतर प्रत्येक चौकोनाचे क्षेत्र तिने प्रत्यक्षापेक्षा जास्त येते. म्हणून मोजणीत कर्ण मोजून तुकड्याचे त्रिकोण पाडतात.

भारतीय गणितात या प्रश्नाची चर्चा जुनी आहे. ब्रह्मगुप्त यांनी ‘ब्रह्मस्फुटसिद्धान्त’ (इ. स. ६२८) या ग्रंथात वरील ढोबळ रीत सांगून तिच्याबरोबर सूक्ष्म क्षेत्रफळाचे सूत्रही दिले: अर्धपरिमितीतून प्रत्येक बाजू वजा करून येणाऱ्या चार वजाबाक्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. हे सूत्र चक्रीय चौकोनासाठी अचूक आहे, पण ही अट तेथे स्पष्ट शब्दांत सांगितलेली नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) त्यातील अडचण दाखवून दिली. त्याच बाजूंच्या चौकोनाचे कर्ण बदलू शकतात, मग क्षेत्रफळ निश्चित कसे असेल, असा त्यांचा प्रश्न होता. लंब किंवा कर्ण यांपैकी काहीही न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आणि ते सांगू पाहणाऱ्यालाही त्यांनी पिशाच म्हटले आहे. या ग्रंथकारांनी कोनाच्या मापाऐवजी लंब आणि कर्ण यांचा आधार घेतला. परंतु त्यांचे प्रयोजन तेच होते.

इ. स. १८४२ मध्ये जर्मन गणिती ब्रेटश्नायडर यांनी दिलेल्या सूत्रात कोन प्रत्यक्ष येतो. ब्रह्मगुप्तांच्या चार वजाबाक्यांच्या गुणाकारातून, चारही बाजूंचा गुणाकार गुणिले संमुख कोनांच्या बेरजेच्या निम्म्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग, ही राशी वजा करून वर्गमूळ काढावे लागते. संमुख कोनांची बेरीज १८०° असल्यास निम्मा कोन ९०° होतो, त्याचे कोसाइन शून्य असते आणि ब्रह्मगुप्तांचे सूत्र मिळते. दिलेल्या चार बाजूंच्या चौकोनांत चक्रीय चौकोनाचे क्षेत्रफळ सर्वांत जास्त असते, हेही यातून कळते. उदाहरणार्थ, बाजू १० आणि एक कोन ३०° असलेल्या समभुज चौकोनात पहिली राशी १०,००० आणि वजा करावयाची राशी १०,००० × ३/४ = ७,५००; म्हणून क्षेत्रफळ २,५०० चे वर्गमूळ, म्हणजे ५०.

व्यवहारातील उपयोग

खिळ्यांनी सैल जोडलेल्या चार पट्ट्यांची चौकट बाजू न बदलता कलंडते; बदलतात ते फक्त कोन. म्हणून फाटकाला किंवा मांडणीला तिरपी पट्टी ठोकतात. ती पट्टी कर्णाचे काम करते आणि चौकटीचे दोन दृढ त्रिकोण होतात. उलट, जेथे हालचाल हवी असते तेथे हाच सैलपणा उपयोगी पडतो. सरकत्या जाळीच्या फाटकात कोन बदलत राहतात, पण संमुख बाजू समांतरच राहतात. आकृती लहानमोठी करून काढण्याचे पँटोग्राफ हे उपकरण क्रिस्टोफ शाइनर यांनी १६०३ मध्ये याच तत्त्वावर तयार केले.

सुतार आणि गवंडी काटकोन तपासण्यासाठी गुण्या वापरतात. मोठ्या चौकटीसाठी किंवा पायाच्या आखणीसाठी ते दोन्ही कर्ण मोजून पाहतात. संमुख बाजू समान असतील आणि कर्णही समान असतील तर चौकट आयताकृती असते. नुसते कर्ण समान असणे पुरेसे नाही, कारण समद्विभुज समलंब चौकोनाचे कर्णही समान असतात.

समांतरतेच्या गृहीतकाशी संबंध

चौकोनाच्या कोनांची बेरीज ३६०° असणे हे युक्लिडच्या समांतरतेच्या गृहीतकावर अवलंबून आहे. अकराव्या शतकात उमर खय्याम यांनी आणि १७३३ मध्ये इटालियन गणिती जिरोलामो साकेरी यांनी एका विशिष्ट चौकोनाचा अभ्यास केला. त्यात पायाशी दोन काटकोन आणि दोन उभ्या बाजू समान असतात. वरचे दोन कोन परस्परांना समान आहेत हे गृहीतकाशिवाय सिद्ध होते. पण ते काटकोन आहेत हे सिद्ध होत नाही. ते लघुकोन मानले तर विसंगती येईल अशी साकेरी यांची अपेक्षा होती. एकोणिसाव्या शतकात बोल्याई आणि लोबाचेव्हस्की यांनी दाखवले की त्या मान्यतेवर एक स्वतंत्र भूमिती उभी राहते. तीत चौकोनाच्या कोनांची बेरीज ३६०° पेक्षा कमी असते आणि आयत अस्तित्वातच नसतो. गोलाच्या पृष्ठभागावर बृहद्वृत्तांच्या कंसांनी बनलेल्या चौकोनात ही बेरीज ३६०° पेक्षा जास्त असते.

नेहमी होणाऱ्या गल्लती

- समांतरभुज चौकोनात संमुख कोन समान असतात, तर चक्रीय चौकोनात ते पूरक असतात. या दोन प्रमेयांची अदलाबदल होऊ देऊ नये.
- समांतरभुज चौकोनाचा कर्ण कोनांना दुभागतोच असे नाही. तसे झाल्यास तो समभुज चौकोन असतो.
- पतंगात समान असणारे कोन असमान बाजूंमधील असतात, समान बाजूंमधील नव्हेत.
- आकृतीत कोन काटकोनासारखा दिसतो, हे तो काटकोन असल्याचे कारण होऊ शकत नाही. पक्षात दिलेली किंवा सिद्ध झालेली माहितीच सिद्धतेत वापरावी.
- प्रमेय सत्य असले म्हणून त्याचा व्यत्यास सत्य असतोच असे नाही. तो स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

हेही पहा

- त्रिकोणांची एकरूपता
- समांतर रेषा आणि छेदिका
- वर्तुळाचे अंतर्लिखित कोन
- ब्रह्मगुप्त
- लीलावती